कुकरची रिंग घेऊन वॉशिंग्टनला

मावशीची आणि माझी ओळख वजनकाट्यावरून झाली. टँपाला घर घेऊन आम्हाला जेमतेम दोन महिने झाले होते. शनिवारची सकाळ होती आणि मी गराजमध्ये भारतात न्यायची बॅग तोलत होते. आमची पद्धत जुनी. आधी आपण काट्यावर उभं राहायचं, मग बॅग कवटाळून उभं राहायचं आणि वजाबाकी करायची. यात बॅगेबरोबर आपलंही वजन जगजाहीर होतं, म्हणून हे काम मी नवरा झोपलेला असताना उरकते. तेवढ्यात शेजारच्या ड्राइव्ह-वेतून एक बाई आल्या. साठी केव्हाच उलटलेली, ठेंगण्या, सकाळी आठला लिपस्टिक लावलेल्या. दोन मिनिटं माझी कसरत पाहून परत गेल्या आणि मासे तोलायचा आकड्याचा काटा घेऊन आल्या. गराजच्या छताला असलेल्या लोखंडी पट्टीला त्यांनी तो अडकवला, त्यावर माझी बॅग लटकवली आणि म्हणाल्या, की तीन पाउंड जास्त आहे, आता काय काढतेस.

मी काही काढणार नव्हते. त्यांनीच बॅग उघडली. शाम्पूची बाटली हातात घेऊन विचारलं, की भारतात शाम्पू मिळत नाही का. मिळतो म्हटलं. मग हा कशाला, म्हणाल्या. नणंदेला अमेरिकेतलाच शाम्पू लागतो हे परक्या बाईला पहिल्या भेटीत कसं सांगणार. मग त्यांनी आपली युक्ती सांगितली. विमानतळावर बॅगा तोलतात, माणसं तोलत नाहीत. जे बॅगेत बसत नाही ते अंगावर घ्यायचं. त्या स्वतः क्यूबाला जाताना तीन ब्लाउज, दोन स्कर्ट आणि टोपीवर टोपी घालून जायच्या. त्या वर्षी मी मे महिन्यात जॅकेटच्या चारही खिशांत बदाम भरून साताऱ्याला पोचले. आई म्हणाली, थंडी वाजून आलीय का गं तुला.

आमच्या लेकीला तेव्हा नुकतं चौथं लागलं होतं. मोठी बाई दिसली की मावशी म्हणायचं, एवढा एक संस्कार मी तिच्यावर नेटानं केला होता. तिनं शेजारणीला मावशी म्हटलं, शेजारणीला वाटलं इंडियात शेजारणीला असंच म्हणत असतील, आणि तेच नाव पडलं. पुढे गल्लीतले सगळेच तिला मावशी म्हणायला लागले, पोस्टमनसुद्धा.

तिचं गाव क्यूबाच्या पूर्वेला, हवानापासून बसनं बारा-चौदा तासांवर. तरुणपणी नवऱ्याबरोबर ती इकडे आली. नवरा तिथल्या तुरुंगात काही वर्षं काढून आलेला. तो गेला, मूलबाळ नव्हतं, आणि तिकडे उरली होती एक बहीण, तिच्याहून चार वर्षांनी मोठी. आम्ही शेजारी आलो त्याच वर्षी क्यूबातून आलेल्यांना घरच्यांना हवं तेव्हा भेटायची मोकळीक मिळाली होती. त्याआधी काही वर्षं तीन वर्षांतून एकदाच जाता येत असे. हे मी तिच्याकडूनच ऐकलं. तो नियम कोणी आणला म्हणून मी विचारलं, तर म्हणाली, सरकारनं.

त्यानंतरची दहा वर्षं म्हणजे आमच्या दोन घरांच्या बॅगांची दहा वर्षं. ती मार्चमध्ये जायची, मी मे नाहीतर डिसेंबरमध्ये. काटा आमच्याच गराजला लटकलेला असायचा. तिच्या बॅगेत काय नसायचं? वाचायचे चष्मे, तापाच्या गोळ्या, शिवणाचे दोरे, सायकलची ट्यूब, साबण, कॉफी. उसाच्या आणि कॉफीच्या देशात इथून कॉफी न्यायची, हे मला तेव्हा फार विनोदी वाटायचं. मग आठवलं, मीही कॅलिफोर्नियाचे बदाम साताऱ्याला नेते आणि तिथल्या वाण्याकडे तेच बदाम बरणीत असतात. बॅग भरून झाली की ती दोन छोट्या कपांत काळी, गोडमिट्ट कॉफी करायची. आम्ही बॅगेवर बसून ती प्यायचो, म्हणजे चेनही लागायची.

माणसं म्हणतात, परदेशात राहून काय आठवतं. गणपती, दिवाळी, सगळं आठवतंच. पण मला आज डोळे मिटले की दिसतं ते ते गराज, छताला लटकलेली बॅग, आणि खाली मान वाकडी करून आकडा वाचणारी मावशी. अंगात निळा ब्लाउज, पांढऱ्या बटणांचा. तो तिच्या आईनं शिवून दिला होता. चर्चला, डॉक्टरकडे, विमानात, सगळ्या मानाच्या ठिकाणी तोच. काखेत दोनदा रफू केलेला मी माझ्या डोळ्यांनी पाहिलाय.

रिंगचं प्रकरण त्या दिवसांतलंच. एकदा ती परत आली ती एक दोरा घेऊन. पांढरा, दोन्ही टोकांना गाठ मारलेला. बहिणीच्या कुकरची रिंग गेली होती. तिकडे घरोघर कुकर, कारण रोज काळे घेवडे शिजवायचे. पण रिंग कुठे मिळत नाही. दोन देशांत व्यापारबंदी, इथल्या दुकानानं तिकडे विकायची नाही, तिकडच्या दुकानानं इथून मागवायची नाही. बहिणीनं झाकणाला कापडाची पट्टी गुंडाळून बरेच महिने काढले, आणि मग झाकणाच्या घेराचा दोरा मापून दिला. तो दोरा बघून मला हसू आलं आणि डोळ्यांत पाणीही आलं. माझी आई बांगड्यांचं माप असंच दोऱ्यानं कासाराकडे पाठवायची.

मावशी टँपातली सगळी दुकानं फिरली. इथले कुकर वेगळे, रिंगा वेगळ्या. मी माझ्या फडताळातली कुकरांची लिटरवारी सगळी चळत काढली, एकाचीही रिंग मापात बसेना. शेवटी मी दोरा पट्टीवर ठेवून माप घेतलं आणि साताऱ्याला दादाला कळवलं. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ, कोणतंही काम सांगितलं की आधी अर्धा तास कुरकुर करणारा. त्यानं कुरकुर केली आणि मग स्टँडजवळच्या कुकर दुरुस्त करणाऱ्याकडून त्याच मापाच्या दोन रिंगा आणल्या. साताऱ्याहून टँपा, टँपाहून क्यूबा. ओळखीतलं कोणी हवानाला निघालं होतं, त्याच्याबरोबर एक रिंग पुढे गेली, आणि पंधरा दिवसांनी बहिणीचा फोन आला की शिट्टी झाली. मावशीनं फोन स्पीकरवर टाकून मला ती शिट्टी ऐकवली. दुसरी रिंग मावशीनं ठेवून घेतली. ही मी स्वतः नेणार, म्हणाली.

आणि नेमकं तेव्हाच इथलं सरकार बदललं होतं त्याचे परिणाम दिसायला लागले. हवाना सोडून क्यूबातल्या बाकी सगळ्या गावांना इथून जाणारी विमानं बंद. मावशीचा गुडघा बदललेला, हृदयाला एक स्टेंट. हवानाला उतरून चौदा तास बसनं जाणं डॉक्टरनं साफ नाकारलं. बहिणीला चौऱ्याऐंशीवं लागलेलं, तिची नजर जात चाललेली, आणि ती तर गाव सोडून हलूच शकत नव्हती. मग करोना आला आणि सगळीच विमानं थांबली. तो ओसरला, हवानाची सुरू झाली, पण तिच्या गावची नाहीत. फोन होता, आठवड्यातून एकदा लागायचा. मी म्हटलं, फोनवर बोलता तरी येतंय ना. त्यावर ती म्हणाली, की एक गोष्ट आहे, ती फोनवर सांगायची नाही, समोर बसून सांगायची आहे, आणि बहिणीला मी दिसतेय तोवर सांगायची आहे. काय ते मी विचारलं नाही. जमिनीची वाटणी वगैरे असेल असं मनाशी ठरवून टाकलं. आपली झेप तेवढीच.

मग ती शनिवारच्या मंडळात जायला लागली. एका बेकरीच्या मागच्या खोलीत दहाबारा म्हातारेकोतारे जमायचे. त्यांतला मुख्य एक निवृत्त न्हावी. विमानं सुरू करा, घरी पैसे-सामान पाठवू द्या, व्यापार थोडा मोकळा करा, अशी त्यांची मागणी. खासदारांना पत्रं, फोन, कधी रविवारी गाड्यांवर फलक लावून शहरातून फेरी. त्यांच्या समाजात यावरून उभे दोन तट. एका बाजूचं म्हणणं, सगळं बंद ठेवलं तरच तिथलं सरकार पडेल. दुसरी बाजू म्हणते, इतकी वर्षं बंद ठेवून सरकार तर पडलं नाहीच, आपली माणसं मात्र एकेक करून गेली. मंडळात जाते म्हणून मावशीच्या नवऱ्याकडच्या भाच्यानं तिच्याशी बोलणं टाकलं. एका सकाळी तिच्या टपालपेटीवर कोणीतरी लाल रंगानं एक शब्द लिहून ठेवला होता. लेकीला स्पॅनिश येतं, पण तिनं अर्थ सांगितला नाही, नुसती बादली आणि ब्रश घेऊन आली.

मी या भानगडीत पडले ती माझ्या स्वभावामुळे. मी सॉफ्टवेअर तपासते. दुसऱ्याच्या कामातल्या चुका काढायच्या आणि त्यासाठी पगार घ्यायचा, असा माझा व्यवसाय. मावशीनं मंडळाचं पत्र वाचायला दिलं. नऊ पानं. सुरुवात क्रांतीपासून, आणि विमानांचं नाव आठव्या पानावर. मी ते अर्ध्या पानावर आणलं. न्हावीकाका भयंकर दुखावले. त्यांचं म्हणणं, इतिहास कळल्याशिवाय मागणी कशी कळणार. मी म्हटलं, काका, समोरच्याकडे पंधरा मिनिटं आहेत, त्यांत तुमची क्रांतीच संपणार नाही. एका माणसानं एकच गोष्ट सांगायची, आणि ती हातात धरून दाखवता आली तर उत्तम. मावशीला मी म्हटलं, तू रिंग दाखव.

वॉशिंग्टनला जायचं ठरलं तेव्हा मंडळातल्या नेहमीच्या चालकाचं मोतीबिंदूचं ऑपरेशन निघालं. आमच्याकडे मिनीव्हॅन. मी चार दिवस सुट्टी टाकली. माझा नवरा नागपूरचा, चिमटे काढल्याशिवाय त्याला जेवण जात नाही. म्हणाला, "स्वतःच्या ग्रीन कार्डासाठी कधी एक फोन केला नाहीस, आता क्यूबाचा प्रश्न सोडवायला निघाली बाप्पा."

तो थट्टेत बोलला, पण मला लागलं. कारण ते खरं होतं. ग्रीन कार्डाचे कागद अडकलेले असतानाच माझी आई गेली. देश सोडून गेले असते तर अर्ज रद्द झाला असता, आणि परवानगीचं पत्र येईना. वकील म्हणाला, दोन आठवडे थांबा. आई नऊ दिवसांत गेली. पत्र बाराव्या दिवशी आलं. त्या दिवसांत मावशी रोज भात आणि घेवडे घेऊन यायची, माझ्या शेजारी सोफ्यावर बसून माझ्याबरोबर रडायची. म्हणायची, मला माहीत आहे, मला माहीत आहे. तिचीही आई अशीच गेली होती, त्या तीन वर्षांतून एकदाच्या नियमात. कुठल्या तरी ऑफिसात बसून असले नियम करणारी माणसं कशी असतील, त्यांना आया नसतील का, असं मी तेव्हा तळतळून म्हणायचे. ती मान हलवायची.

आम्ही सहा जण निघालो. जॉर्जिया, दोन्ही कॅरोलायना, मध्ये एक मुक्काम. न्हावीकाकांनी वाटेत क्रांती पहिल्यापासून सांगितली, ऐकायला गाडीत कोंडलेली माणसं होती ना. मी मेथीचे ठेपले आणि दाण्याची चटणी घेतली होती, ती दुपारपर्यंत फस्त झाली. दुसऱ्या दिवशी खासदारांच्या ऑफिसांच्या त्या पांढऱ्या इमारतीत शिरताना मावशीची पर्स यंत्रातून गेली आणि पहारेकऱ्यानं रिंग बाहेर काढली. हे काय, त्यानं विचारलं. माझ्या बहिणीचं, ती म्हणाली. त्यानं ती अलगद परत ठेवली. मावशीच्या अंगात निळा ब्लाउज होता.

खासदार भेटले नाहीत, ते भेटत नसतातच. त्यांच्या ऑफिसातली एक मुलगी भेटली, माझ्या लेकीहून फार तर चारपाच वर्षांनी मोठी. वहीत लिहून घेत होती, मधूनमधून मान वर करून बघत होती, मला आवडली. एकेकानं आपली गोष्ट सांगितली. न्हावीकाका अडीच मिनिटांत आटोपले, मला अभिमान वाटला. मावशीनं रिंग टेबलावर ठेवली. मुलीनं आयुष्यात कुकर पाहिला नव्हता. ती रिंग बोटांत फिरवत राहिली. मावशीनं दोरा, सातारा, शिट्टी, सगळं सांगितलं, अगदी आम्ही घोकलं होतं तसं. मुलगी हसली आणि निरोपाचं म्हणून विचारतात तसं विचारलं, की तुम्ही या इमारतीत पहिल्यांदाच आलात का.

"नाही," मावशी म्हणाली. "एकदा आले होते. दार बंद करा म्हणून सांगायला."

मावशी टेबलावरच्या रिंगकडे बघत बोलत राहिली. नवरा नुकताच वारला होता, तुरुंगात त्याचं जे झालं त्याचा राग डोक्यात होता. मायामीत मोर्चा निघाला त्यात ती पुढे होती. मग एका बसमधून इथे आली आणि सांगून गेली, की जाणं-येणं आवळा, तीन वर्षांतून एकदा पुरे आहे, वर्षभरात सरकार पडेल. सरकार पडलं नाही. दुसऱ्या वर्षी आई आजारी पडली. हिची पुढची पाळी यायला चौदा महिने होते. अपवाद करा म्हणून हिनं अर्ज केला, तर नियमात अपवाद नाही असं उत्तर आलं. आईचं सगळं बहिणीनं एकटीनं केलं. बहिणीला यातलं काहीच माहीत नाही.

"त्या वेळी तुम्ही आमचं लगेच ऐकलंत," ती त्या मुलीला म्हणाली. "आता ऐका."

मुलीनं लिहिणं थांबवलं होतं. न्हावीकाकांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. मी मात्र मावशीकडे बघितलंसुद्धा नाही. मी संतापले होते. आपलेच दात आणि आपलेच ओठ म्हणतात, ते मला त्या खुर्चीवर कळलं. माझी आई गेली तेव्हा मी ज्या न दिसणाऱ्या माणसांना शिव्याशाप देत होते, त्यांच्यातलंच एक माणूस माझ्या सोफ्यावर बसून मला घास भरवत होतं. माझा नियम तिनं केला नव्हता, हे मला कळत होतं. पण राग एवढा हिशेब करून येत नाही.

परतीच्या वाटेवर आख्खी व्हर्जिनिया आणि दोन्ही कॅरोलायना मी अवाक्षर काढलं नाही. मावशी मागच्या सीटवर बसली होती. एकदा तिनं पुढे हात करून माझ्या खांद्यावर ठेवला, मी खांदा हलवला. घरी आल्यावरही पाच-सहा आठवडे मी तिच्या दाराशी गेले नाही. कचऱ्याचे डबे बाहेर काढताना समोरासमोर यायचो, हाय म्हणायचो, इतकंच. काटा आमच्या गराजमध्ये लटकलेला होता. नवरा हे काही दिवस बघत राहिला, मग एकदा जेवताना म्हणाला, "तू टेस्टर ना? तिचा बग तुला सापडला नाही, तिनं स्वतः रिपोर्ट केला. असा डेव्हलपर तुला ऑफिसात कधी भेटलाय?" मी म्हटलं, तू जेव. पण रात्रभर ते वाक्य डोक्यात राहिलं.

मे महिन्यात बातमी आली, की बाकीच्या गावांची विमानं पुन्हा सुरू करायचं ठरलं. आमच्या रिंगमुळे झालं असं मी म्हणणार नाही; देशभर कितीतरी लोक मागे लागले होते. न्हावीकाका मात्र आजही म्हणतात, की ती अर्ध्या पानाची करामत. प्रत्यक्ष विमान सुटायला आणखी काही महिने गेले. मग एका शनिवारी सकाळी आठ वाजता मावशी बॅग ओढत आमच्या ड्राइव्ह-वेवर आली. लिपस्टिक होती. मी बॅग उचलून आकड्याला लावली. अर्धा पाउंड जास्त होती. काय काढतेस, मी म्हटलं. तिनं साबणाच्या दोन वड्या काढल्या आणि माझ्या हातात दिल्या. मग मला रडू फुटलं, आणि तिलाही. आम्ही बॅगेवर बसलो, पण त्या दिवशी कॉफी केली नाही.

दहा दिवसांनी ती परत आली. संध्याकाळी मी स्वयंपाकाला लागले होते, ती ओट्याजवळच्या उंच स्टुलावर येऊन बसली. म्हणाली, सांगितलं. बहिणीला आता फक्त कडेकडेचं दिसतं, म्हणून मान तिरकी करून बघते. अंगणात खुर्च्या टाकून दोघी बसल्या होत्या. हिनं सोळा-सतरा वर्षं घोकलेलं सगळं एका दमात सांगितलं. मोर्चा, बस, ती इमारत. बहिणीनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, मला माहीत होतं.

तिथल्या सरकारी बातम्यांत तो मायामीचा मोर्चा दाखवला होता. बघा, आपले शत्रू कसे आहेत, म्हणून. पुढच्याच रांगेत फलक धरून ही. त्या संध्याकाळी बहीण आणि आई दोघी टीव्हीसमोर बसलेल्या होत्या.

मी गॅस बंद केला. आई काय म्हणाली, असं मीच विचारलं.

"आई म्हणाली, बघ, माझा निळा ब्लाउज. सैल होतोय तिला, बारीक झालीय. मग महिनाभर ती रोज बातम्या लावून बसायची. मला परत दाखवतील म्हणून."

एवढं बोलून तिनं दोन्ही तळव्यांनी तोंड झाकून घेतलं. माफ केलं असतं तर तिला पेललं असतं, शिव्या दिल्या असत्या तरी पेललं असतं. आई फक्त तिला बघायला बसायची, हे तिला पेलेना. मी तिच्या पाठीवर हात फिरवत राहिले. शेजारच्या घरी आता एक तरुण जोडपं राहतं, मावशीला जाऊन वर्ष झालं, पण ओट्याजवळच्या त्या स्टुलावर कोणी बसलं की मला आजही ती तळव्यांनी तोंड झाकलेली बाई दिसते.

ती त्या संध्याकाळी घरी गेल्यावर मी दादाला फोन लावला. साताऱ्यात पहाट होती. आईच्या शेवटच्या नऊ दिवसांबद्दल मी त्याला अकरा वर्षांत एकदाही काही विचारलं नव्हतं. तो सांगायला लागला की मी विषय बदलायचे. तू का आली नाहीस असं ती म्हणाली असेल, याची मला भीती होती. दादा झोपेत होता, कुरकुरला. मी म्हटलं, दादा, आई तेव्हा माझ्याबद्दल काय म्हणत होती, ते सांग.

तिकडे पलंग करकरला, तो उठून बसला असावा. मग म्हणाला, "विशेष असं काही नाही गं. तिकडं आता किती वाजले, एवढंच सारखं विचारायची. सांगितलं की म्हणायची, मग झोपली असेल ती, तिला उठवू नका."